भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धती : पायऱ्यांचा क्रम आणि त्यामागील विचार

प्रस्तावना :
बीजगणिताच्या अध्यापनात ‘पायरी’ या शब्दाला मोठे वजन आहे. उत्तरपत्रिकेत पायरीला गुण असतात. त्यामुळे पायऱ्या पाठ करण्याकडे विद्यार्थ्यांचा कल होतो आणि अमुक पायरी का घेतली, हा प्रश्न मागे पडतो. या दृष्टीने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ. स. ११५० च्या सुमारास) या ग्रंथातील एका प्रसिद्ध उदाहरणाची चिकित्सा उद्बोधक ठरते.

उदाहरणाचे स्वरूप :
६१क्ष² + १ = य² या समीकरणाची धन पूर्णांकी उत्तरे काढावयाची आहेत. ६१ ऐवजी ६० घेतल्यास क्ष = ४, य = ३१ आणि ६२ घेतल्यास क्ष = ८, य = ६३ अशी उत्तरे सहज मिळतात. ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर क्ष = २२,६१,५३,९८० व य = १,७६,६३,१९,०४९ असे आहे. येथे अंदाजाने काहीच साधत नाही. इ. स. १६५७ मध्ये फर्मानेही हेच उदाहरण आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवले होते.

पद्धतीचे विवेचन :
आरंभ ८² − ६१ × १² = ३ या सोप्या संबंधाने होतो; येथे क्षेप ३ आहे. आता अशी संख्या निवडायची की ती ८ मध्ये मिळवल्यास बेरजेला ३ ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० यांपैकी ७ ही संख्या योग्य ठरते. तिच्या साहाय्याने ३९² − ६१ × ५² = −४ हा संबंध मिळतो. दोन्ही मुळे निम्मी केल्यास क्षेप −१ होतो. पुढे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिलेली भावना वापरली की अपूर्णांक नाहीसे होऊन २९७१८² − ६१ × ३८०५² = −१ येते. याच संबंधाची स्वतःशी भावना केली असता इष्ट उत्तर मिळते.

मूल्यमापन :
या मांडणीचे सामर्थ्य असे की प्रत्येक पायरीच्या शेवटी पडताळता येईल असा एक संबंध हाती राहतो. चूक झाल्यास ती तेथेच सापडते. मर्यादाही स्पष्ट आहे. ७ ची निवड क्षेप लहान ठेवण्यासाठी आहे, हे नियमात उघडपणे येत नाही. तसेच हे चक्र प्रत्येक वेळी १ पर्यंत पोहोचेलच, याची सिद्धता ग्रंथात नाही. अशा समीकरणास उत्तर असतेच, हे १८ व्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले.

तथापि हा दोष केवळ ग्रंथकाराच्या माथी मारणे न्याय्य नाही. सूत्ररूप ग्रंथ अध्यापक गृहीत धरतो. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाची नोंद करतो. सूत्रात न आलेले कारण सांगणे हे तेथील गुरूचे काम होते.

निष्कर्ष :
बीज अक्षरांत नसून बुद्धीत आहे, अशी भास्कराचार्यांची भूमिका होती. ती मान्य केल्यास पायऱ्यांची संख्या हा अध्यापनाचा निकष ठरू शकत नाही. ७ च का, १० का नाही, हे विद्यार्थ्याला सांगता आले, तरच ती पायरी त्याची झाली असे म्हणता येईल.