नाव न दिलेली नाती : 'अलीगढ' आणि 'साबर बोंडं' ह्या चित्रपटांतील भाषाव्यवहार

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकाकडे व्याकरणाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. 'मित्र' ह्या पुंल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'मित्रा', आणि नाटकाच्या नायिकेचे, सुमित्रेचे, घरगुती नावही 'मित्रा'. जुन्या वळणाने तिच्या नावाचे षष्ठीचे रूप 'मित्रेची' व्हावयास हवे. परंतु विशेषनामांचे सामान्यरूप न करण्याकडे आजच्या बोलण्याचा कल असल्यामुळे तेही 'मित्राची' असेच होते. अशा रीतीने शीर्षकातील एकच पद एका पुरुषाचेही आहे आणि एका स्त्रीचेही. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची कथा सांगू पाहणाऱ्या नाटककाराला मराठी विभक्तीने केलेले हे साहाय्य आहे. ते इंग्रजीत नेता आलेले नाही, आणि नेता येण्यासारखेही नव्हते.

समलिंगी प्रेमाचा विषय मराठीत मांडताना भाषा स्वस्थ बसत नाही, ही गोष्ट ह्या उदाहरणावरून ध्यानात येते. मराठी क्रियापद वक्त्याचे लिंग उघड करते. 'मी जातो' म्हणणारा आणि 'मी जाते' म्हणणारी ह्यांना एका वाक्यापुरतेही अनोळखी राहता येत नाही. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचेही तसेच. 'तो' आणि 'ती' ह्यांमधून निवड करावीच लागते. आडोसा मिळतो तो काही थोड्याच जागी. भविष्यकाळी 'मी जाईन' ह्यात वक्त्याचे लिंग दिसत नाही. सकर्मक भूतकाळी 'मी पत्र लिहिले' ह्यातही दिसत नाही, कारण तेथे क्रियापद कर्माच्या मागे जाते. आणि 'त्यांच्यावर', 'त्यांना', 'त्यांचा' ह्या आदरार्थी रूपांत स्त्री-पुरुष भेद पुसला जातो. एखाद्या मराठी कुटुंबात मुलाने आपल्या प्रेमाच्या माणसाविषयी कोणतेही खोटे न बोलता काही सांगावयाचे ठरवले, तर त्याला त्या माणसाचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने करावा लागेल, तोही प्रथमेचे 'ते' हे रूप टाळून. समवयस्काविषयी असे कोणी बोलू लागल्यास घरातल्यांना तेवढ्यानेच संशय येईल, हे वेगळे सांगावयास नको.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना ह्या मुद्द्याची दुसरी बाजू घरबसल्या तपासता येण्यासारखी आहे. भामरागड-एटापल्लीकडील माडिया आणि एकूण गोंडी भाषासमूह द्राविडी कुळातला. त्यात एकवचनी नामांचे पुरुषवाचक व इतर असे दोनच वर्ग असून स्त्री ही वस्तू-प्राण्यांच्या वर्गात जाते; आणि 'मी जातो' ह्या अर्थाच्या क्रियापदात वक्त्याचे लिंग मुळीच व्यक्त होत नाही. एक माडिया तरुण आणि एक मराठी तरुण एकाच आश्रमशाळेत शिकत असले, तरी स्वतःविषयी बोलताना दोघांवरचे व्याकरणाचे बंधन सारखे नसते. ह्यावरून एक समाज दुसऱ्यापेक्षा अधिक उदार असे अनुमान काढणे मात्र अशास्त्रीय ठरेल. फारसी भाषेत 'तो' आणि 'ती' ह्यांना एकच सर्वनाम आहे, म्हणून फारसी बोलणाऱ्या समाजांत हा प्रश्न सुटला असे कोणी म्हणत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर ज्या दोन चित्रपटांचा विचार येथे करावयाचा आहे, त्यांपैकी पहिला मराठी नाही. तो मराठीच्या एका प्राध्यापकाविषयी आहे. हंसल मेहता ह्यांचा 'अलीगढ' २०१५ साली बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. पटकथा अपूर्व असरानी ह्यांची. त्यामागची घटना सर्वश्रुत आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूर विद्यापीठात शिकलेले, मराठीत कविता लिहिणारे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात मराठी शिकवणारे गृहस्थ. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली. एका सायकलरिक्षावाल्याबरोबर त्यांचे चित्रण केले गेले, आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. त्यानंतर आठवडा पुरा होण्यापूर्वीच ते राहत्या जागी मृतावस्थेत आढळले. विदर्भातील मराठीच्या अभ्यासकांना हे प्रकरण दूरच्या एखाद्या शहरातले म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

चित्रपटातील सिरस ('मनोज बाजपेयी' हे नाव विसरायला लावणारा अभिनय) सतत भाषेच्या अडचणीत सापडलेला आहे. उर्दूच्या गावात तो मराठी शिकवतो. तरुण पत्रकार त्याला इंग्रजीतले तीन अक्षरी नाव देऊ पाहतो, तेव्हा एवढ्याशा शब्दात आपल्या मनातले कसे मावेल, अशा आशयाची शंका तो काढतो. कवितेचे मर्म शब्दांत नसून शब्दांमधल्या विरामांत असते, असेही तो सांगतो. न्यायालयातील प्रसंगांत विरामांना जागाच नाही. दोन्ही पक्षांचे वकील त्याच्याविषयी बोलतात, कायद्याच्या भाषेत बोलतात, आणि ज्याच्याविषयी ते बोलत आहेत तो गृहस्थ मागच्या बाकावर पेंगतो किंवा आपल्या कवितांच्या भाषांतरात गुंतलेला असतो. त्याचा बचाव करणाऱ्या वकिलाचे शब्द त्याला तितकेच परके आहेत जितके आरोपकर्त्याचे. ह्या एका निरीक्षणासाठी 'अलीगढ' मोठा चित्रपट ठरतो.

तथापि त्यातील एक उणीव मराठीच्या वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. सिरसांच्या एकटेपणाची भाषा चित्रपटात प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजी आहे. बाजपेयींनी उच्चारांत मराठी वळण आणले आहे, आणि ते बव्हंशी यशस्वी आहे. परंतु जो माणूस आयुष्यभर मराठीत विचार करीत होता, त्याचे मराठीपण प्रेक्षकाला केवळ हेल म्हणून ऐकू यावे, ही एक प्रकारची हानी आहे. ह्याचा दोष दिग्दर्शकाकडे थोडा आणि मराठीकडे अधिक जातो. सिरसांच्या 'पायाखालची हिरवळ' ह्या संग्रहाचे वाचन त्यांच्या मृत्यूच्या वार्तेतून न करता कवितेतून करण्याचे काम मराठी विभागांचे आहे. ते चित्रपटाकडून अपेक्षिण्यात अर्थ नाही. हीच हानी सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'च्या वाट्यालाही निराळ्या रीतीने आली. २००६ सालच्या ह्या मराठी कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात व दोघेही प्रथमपुरुषी निवेदन करतात. मराठीत दोन निवेदनांतील क्रियापदेच दोन माणसे वेगळी ठेवतात. २०२२ साली आलेल्या चित्रपटात कथा पुण्याहून कोचीला आणि मराठीतून हिंदी-इंग्रजीत गेली, आणि क्रियापदांचा तो सूक्ष्म खेळ मागे राहिला.

म्हणूनच रोहन परशुराम कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं'चे महत्त्व भाषेच्या अभ्यासकाला अधिक वाटते. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि तेथील जागतिक कथाचित्र विभागाचे ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईच्या झोपडपट्टीत एका वाहनचालकाच्या घरी वाढलेल्या ह्या दिग्दर्शकाने चित्रपटाचे शिक्षण कोणत्याही संस्थेत घेतलेले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या सुतकाच्या दिवसांतून ही कथा सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. मुंबईत नोकरी करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या निधनानंतर आईसह दहा दिवसांसाठी मूळ गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाची गोष्ट काढतात. लहानपणचा मित्र बाळ्या, शेतीवाडी करणारा, तोही अविवाहित, पुन्हा भेटतो. एवढेच कथानक.

शीर्षकापासूनच चित्रपटाने बोलीची बाजू घेतली आहे. लेखी मराठीने 'बोंडे' लिहिले असते; येथे 'बोंडं' असे बोलण्यातले रूप ठेवले आहे. निवडुंगाच्या ह्या फळाला काटे असतात आणि आतला गर लाल व गोड असतो, हे पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला सांगावे लागत नाही. वरोरा-राजुऱ्याकडील वाचकाला मात्र 'बोंड' म्हटले की कापूस आठवतो. त्याच्या कानी पडणारे शीर्षक थोडे निराळे असते, आणि त्यात काही बिघडत नाही.

चित्रपटात कोणीही कोणाला नाव देत नाही. आईला मुलाविषयी ठाऊक आहे; वडिलांनाही ठाऊक होते, हे हळूहळू समजते. परंतु ते ठाऊक असणे 'समलिंगी' ह्या शब्दातून व्यक्त होत नाही. नातेवाइकांसाठी आई आणि मुलाने मिळून एक सबब तयार ठेवली आहे: आनंदचे एका मुलीवर प्रेम होते आणि ते फिसकटले. भाषेच्या दृष्टीने पाहता हे असत्य केवळ एका सर्वनामाचे आहे. 'तो'च्या जागी 'ती' ठेवली की उरलेले वाक्य, त्यातील दुःखासकट, जसेच्या तसे खरे राहते. आई हे खोटे बोलते तेव्हा ती मुलाला लपवीत नाही, त्याच्याभोवती कुंपण घालते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुधा स्थिर. त्यामुळे प्रेक्षकाला बोलण्याकडे आणि न बोलण्याकडेच लक्ष द्यावे लागते.

'अलीगढ'मधील मौन आणि हे मौन ह्यांत भेद करावयास हवा. सिरसांचे मौन शब्दांच्या माऱ्यातून वाचण्यासाठी आहे. आनंदच्या घरातले मौन हा मराठी कुटुंबांचा नित्याचा व्यवहार आहे. अशा घरांत नवराबायकोसुद्धा एकमेकांवरचे प्रेम शब्दाने सांगत नाहीत, आणि बापलेकांत तर त्याचा प्रश्नच येत नाही. दिग्दर्शकाने ह्या सामान्य मौनातच असामान्य नात्याला जागा करून दिली. मराठी चित्रपटांत ह्यापूर्वी हे घडले नव्हते. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (१९८२) महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आहे, परंतु तो आश्रमापुढील एक प्रश्न म्हणून येतो. राजीव पाटलांच्या 'जोगवा'त (२००९) देवीला सोडलेल्या पुरुषाचे स्त्रीवेषातले जिणे आहे. तेथे कथेचा ओढा रूढीविरोधाकडे आणि शेवटी स्त्री-पुरुष प्रेमाकडे आहे. अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये (२००६) हा विषय घरात आला, पण पत्नीच्या बाजूने, धक्का म्हणून.

कानवडे ह्यांच्या चित्रपटाविषयी एक आक्षेप नोंदवणे अवश्य आहे. आईवडिलांची समजूत इतकी सहज दाखवली आहे की ती कशी घडली असेल ह्याविषयी कुतूहल अपुरे राहते. आणि आनंदला जेवढे बोलावयास मिळते तेवढे बाळ्याला मिळत नाही. गावात राहून लग्न टाळणाऱ्या शेतकऱ्याला कोणकोणती वाक्ये तयार ठेवावी लागत असतील, हे ऐकण्याची प्रेक्षकाची इच्छा असते. कानवडे ह्यांच्याच 'उ उषाचा' (२०१९) ह्या लघुपटात, शिक्षिकेच्या ओढीने अक्षरे शिकू पाहणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत, ही बाजू अधिक भरीवपणे आलेली आहे.

झाडीपट्टीच्या वाचकापुढे येथे एक प्रश्न उभा राहतो. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या नाटकमंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांत रात्ररात्र नाटके करतात, आणि त्यांना हजारोंनी प्रेक्षक लाभतात. आज त्यांत स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात. परंतु त्यांच्या मागे असलेल्या दंडार व खडी गंमत ह्या प्रकारांत लुगडे नेसून पुरुषच नाचत असे. 'नाच्या' ह्या शब्दाचा इतिहास ह्या संदर्भात पाहण्याजोगा आहे. मुळात तो स्त्रीवेषात नाचणाऱ्या मुलाचा, एका कौशल्याचा वाचक. तमाशात स्त्रिया नाचू लागल्या, तेव्हा नाच्याचे काम गेले आणि त्याचे हावभाव हसण्यासाठी उरले. पुढे गावात कोणाही मवाळ चालीच्या मुलाला हिणवण्यासाठी तो शब्द वापरात आला. रवी जाधवांच्या 'नटरंग'ची (२०१०) शोकांतिका ह्याच अर्थांतरातून घडते: पैलवानी देहाचा गुणा रंगमंचावर नाच्या होतो आणि गाव त्याला रंगमंचाबाहेरही तेच समजते.

ह्यावरून झाडीपट्टीने रंगमंचावर जे मान्य केले ते घरात मान्य केले नाही असे म्हणता येईल. परंतु हे विधान पुराव्यावाचून करू नये. दंडारीतल्या स्त्रीवेषधारी नटाला त्याच्या घरचे कोणत्या शब्दाने हाक मारीत, लग्नाच्या बोलाचालीत त्याची ओळख कशी करून देत, तो स्वतः घरी परतल्यावर 'मी आलो' म्हणे की गमतीने 'मी आले' म्हणे, ही माहिती अद्याप वृद्ध कलावंतांच्या स्मरणात असण्याचा संभव आहे. चित्रपटांना 'क्वीअर' हे उसने विशेषण लावून प्रबंधांची प्रकरणे पाडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही ह्या बाजूला जाऊन हे शब्द टिपून ठेवावेत. 'समलिंगी' ह्या शब्दाचीही तपासणी त्याच वेळी व्हावी. 'लिंग' हा व्याकरणाचा आणि शरीराचा, दोन्ही अर्थांचा शब्द त्यात बसलेला असल्यामुळे प्रेमाचा उल्लेख त्यात कोठेच नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. नात्याला कायद्याने नाव मिळालेले नाही. आनंद आणि बाळ्या ह्यांच्यासाठी गावाजवळ आज जो शब्द आहे तो 'मित्र' हाच, आणि तेंडुलकरांनी तो १९८१ सालीच वापरून पाहिला होता.