‘स्पायसी’ म्हणजे तिखट की मसालेदार?

पहिल्यांदा सोव्हिन्यों ब्लाँ प्यायले तेव्हा समोर कोळंबी कोळीवाडा होती. ‘व्हाइट वाइन माशांबरोबर’ एवढंच ज्ञान होतं आणि मेनूकार्डही तेच सांगत होतं. दोन घोटांत जीभ पेटली, वाइन कुठे गेली ते कळलंच नाही. आपल्याला यातलं काही समजत नाही, असं ठरवून पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

आता वाटतं, चूक त्या मेनूकार्डाची होती. आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांच्या पाठीवरही तसंच एक वाक्य असतं: ही वाइन ‘स्पायसी इंडियन फूड’बरोबर छान लागते. मराठीत हे वाक्य नीट लिहूनच दाखवा. तिखट म्हणायचंय की मसालेदार? गोड्या मसाल्याची भाजी मसालेदार असते, पण तिखट असेलच असं नाही. ठेचा तिखटजाळ असतो, पण त्यात मसाला नसतो. इंग्रजीला एका शब्दात दोन्ही कोंबता येतं. वाइनला मात्र हा फरक चांगलाच कळतो. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला चेतवतं आणि अल्कोहोलही तिलाच डिवचतं. म्हणजे ठसका लागलेल्या माणसाच्या हातात आपण आणखी एक काडेपेटी देतो. धणे, जिरं, ओलं खोबरं यांची अशी काही तक्रार नसते.

त्यात ही वाइन ‘ड्राय’. वर्तमानपत्रं तिला कोरडी म्हणतात (वाइन कोरडी कशी असेल, असा प्रश्न माझ्या आईला पडला होता). ड्राय म्हणजे द्राक्षांतली जवळजवळ सगळी साखर आंबताना अल्कोहोलमध्ये गेलेली, म्हणजेच अगोड. तिखट शमवायला तिच्याकडे गोडवा नाही. आणि ताटात गोड असेल तर ती उगाच आंबट नि हडकुळी वाटते. चिंचगुळाची अळूवडी हा माझा दुसरा फसलेला प्रयोग.

मासे आणि व्हाइट वाइन ही जोडी तशी निराधार नाही. रेड वाइनमधलं लोह माशांच्या तेलाशी भिडलं की तोंडात धातूसारखी चव येते. पण तो नियम घडला लोणी-लिंबू लावलेल्या माशावर. आपल्याकडे मासा कोणता यापेक्षा वाटण कोणतं हे विचारावं लागतं. लाल तिखटाचा हात आखडता ठेवून रव्यात तळलेले बोंबील, वर लिंबू: अप्रतिम. तोच बोंबील झणझणीत कालवणात घातला की वाइन मेली. मी एक साधा अंदाज बांधते: ज्या पदार्थावर लिंबू पिळावंसं वाटतं, तिथे ही वाइन चालते. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कमी तिखटाचं तिसऱ्यांचं सुकं. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात हीच द्राक्षं शेळीच्या दुधाच्या आंबट-खारट चीजबरोबर जमतात, तेही याच न्यायाने.

पण खरी गंमत पीठ पेरलेल्या ढोबळी मिरचीची. सोव्हिन्यों ब्लाँच्या हिरव्या, पाल्यासारख्या वासामागे पायराझिन नावाची संयुगं असतात आणि ढोबळी मिरचीचा वासही त्यांचाच. ऊन फार लागलं की तो वास द्राक्षांतून उडतो. नाशिककडे ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतात, म्हणजे द्राक्षं थंडीत पिकतात आणि तोडणी उन्हाळ्याच्या आत उरकते. सुलाची पहिली सोव्हिन्यों ब्लाँ २००० साली बाजारात आली. तेव्हापासून ही वाइन आणि ती भाजी एकाच राज्यात राहतात, तरी ही जोडी मला एकाही मेनूकार्डावर दिसलेली नाही. पनीर टिक्का मात्र सगळीकडे.

जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर आठवडेच्या आठवडे वाद चालला. त्यात ही वाइन लागते कशी, कशाबरोबर प्यावी, याबद्दल मला कुठे एक ओळ वाचायला मिळाली नाही. मग बाटलीच्या पाठीवर कुणीतरी इंग्रजीत काहीही लिहून मोकळं होतं आणि आपण स्वतःच्या जिभेवर शंका घेत बसतो.

गेल्या रविवारी पिठलं-भाकरीबरोबर उघडली. पिठल्यात लसूण, कोथिंबीर, एकच मिरची. मस्त जमलं. मग आईने ठेचा वाढला. मी ग्लास बाजूला सरकवला आणि ताक मागितलं.