बॉस्टनचा दंड आणि तीन लेखण्या

शिक्षा करणारा न्यायाधीश आणि दंड करणारा कायदा यांत एक मोठा भेद आहे. न्यायाधीशापुढें एक माणूस उभा असतो. त्याचें नांव, त्याचें कृत्य आणि त्याचें म्हणणें हीं तिन्ही ऐकून घेतल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. दंडाच्या कायद्यापुढें मात्र सबंध गांव, कधीं सबंध प्रांत उभा केलेला असतो, आणि त्यांत अपराधी कोण व निरपराधी कोण हें पाहण्यास त्या कायद्यास सवड नसते. असा कायदा झाला म्हणजे त्याच्या बाजूनें आणि विरुद्ध लेखण्या सरसावतात. पुढें कायदा रद्द होतो, राज्यही जातें. लिखाण उरतें, आणि त्याची पारख करण्याचें काम मागाहून येणाऱ्या वाचकांवर पडतें.

इ. स. १७७४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीस धडा शिकविण्यासाठीं जे कायदे केले, त्यांच्यासंबंधानें असें लिखाण पुष्कळ उरलें आहे. त्यांपैकीं तीन लेखण्यांचा विचार येथें करण्याचा आमचा हेतु आहे: एडमंड बर्कचीं दोन भाषणें, डॉ. सॅम्युएल जॉन्सनचें ‘टॅक्सेशन नो टिरनी’ हें चोपडें, आणि फिलिस व्हीटली या कवयित्रीचें एक लहानसें पत्र. पहिल्या दोहोंची तुलना नेहमींच होते. परंतु तिसरी लेखणी शेजारीं ठेवल्यावांचून त्या दोहोंची खरी किंमत कळत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम कायद्यांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १७६३ सालीं सप्तवार्षिक युद्ध संपलें तेव्हां इंग्लंडवर कर्जाचा डोंगर झाला होता, आणि त्याचा कांहीं भार वसाहतींनीं उचलावा असें लंडनच्या मुत्सद्द्यांस वाटूं लागलें. १७६५ चा स्टँप ॲक्ट वसाहतींच्या विरोधामुळें पुढच्याच वर्षीं मागें घ्यावा लागला. १७६७ सालीं टाउनशेंड यानें बसविलेल्या जकातीही १७७० सालीं बहुतेक उठल्या. चहावरची रत्तलामागें तीन पेन्सांची जकात तेवढी, पार्लमेंटाचा हक्क शाबूत आहे हें दाखविण्याकरितां, राखून ठेवण्यांत आली. पुढें ईस्ट इंडिया कंपनीचें दिवाळें वाजण्याची वेळ आली. तिच्या वखारींत चिनी चहा साठून राहिला होता, आणि सरकारकडून तिला चौदा लाख पौंडांचें कर्ज घ्यावें लागलें. तेव्हां लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळानें १७७३ या एकाच वर्षीं दोन कायदे केले: हिंदुस्थानांतील कंपनीच्या कारभारास वेसण घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट, आणि कंपनीस आपला चहा परभारें अमेरिकेंत पाठवूं देणारा टी ॲक्ट. कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल आणि बॉस्टनचा चहाचा दंगा हीं एकाच खतावणींतून निघालेलीं प्रकरणें आहेत, ही गोष्ट हिंदी वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

चहा स्वस्त होणार होता, पण जकात कायम होती. आणि तो चहा घेणें म्हणजे आपल्या संमतीवांचून बसविलेला कर कबूल करणें होतें. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बॉस्टनच्या लोकांनीं तीन जहाजांवरील ३४२ पेट्या समुद्रांत लोटून दिल्या. कंपनीचें ९,६५९ पौंडांचें नुकसान झालें.

या बातमीनें लंडनमध्यें संताप उसळला, आणि मार्च ते जून १७७४ या अवधींत एकामागून एक कायदे मंजूर झाले. पहिल्यानें १ जूनपासून बॉस्टनचें बंदर बंद केलें. कंपनीस भरपाई मिळून राजाचें समाधान होईपर्यंत तें उघडावयाचें नव्हतें. दुसऱ्यानें मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली: लोकप्रतिनिधींनीं निवडावयाचें कौन्सिल आतां राजानें नेमावयाचें झालें, आणि गव्हर्नरच्या परवानगीवांचून गांवसभा वर्षांतून एकदांच भरावी असें ठरलें. तिसऱ्यानें, दंगा मोडतांना मनुष्यवधाचा आरोप आलेल्या सरकारी माणसाचा खटला दुसऱ्या वसाहतींत किंवा इंग्लंडांत चालविण्याची मोकळीक दिली. चौथ्यानें फौजेसाठीं रिकामीं घरें व कोठारें घेण्याचा अधिकार गव्हर्नरांस दिला. त्याच सुमारास झालेला क्विबेकचा कायदा कॅनडांतील कॅथलिकांस धर्मस्वातंत्र्य देणारा, म्हणजे मुळांत दंडाचा नव्हता. पण त्यानें क्विबेकची हद्द ओहायो नदीपर्यंत वाढविली, म्हणून वसाहतवाल्यांनीं तोही त्याच माळेंत ओंवला.

मंत्र्यांचा हिशेब असा होता कीं, एका गांवास ठेंचलें म्हणजे बाकीचीं गांवें आपोआप दूर सरतील. झालें तें उलट. कनेक्टिकटमधून मेंढ्या आणि दक्षिण कॅरोलिनांतून तांदूळ बॉस्टनकडे येऊं लागला. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेनें १ जून हा उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस ठरविला. गव्हर्नर डन्मोरनें सभा बरखास्त केली, तर सभासद दुसऱ्या दिवशीं एका खाणावळींत जमले. ५ सप्टेंबर रोजीं फिलाडेल्फिया येथें जॉर्जियाखेरीज बारा वसाहतींचे प्रतिनिधि एकत्र बसले, आणि १ डिसेंबरपासून विलायती माल आणावयाचा नाहीं असा करार त्यांनीं केला. परंतु आमच्या मतें या कायद्यांस खरें उत्तर मिळालें तें वुस्टर नांवाच्या एका लहान गांवीं. ६ सप्टेंबर रोजीं तेथें ३७ गांवांतील ४,६२२ माणसें जमलीं. नव्या कायद्याखालीं भरणारें कोर्ट त्यांनीं भरूं दिलें नाहीं. दोन्ही बाजूंस लोक रांगेनें उभे राहिले, आणि न्यायाधीशांसह सर्व अंमलदारांस त्यांच्यामधून हातांत टोपी घेऊन चालत, आपण या कायद्याप्रमाणें काम करणार नाहीं, असें पुनःपुन्हा वाचून दाखवावें लागलें. रक्त सांडलें नाहीं. या शेतकऱ्यांचा चहाशीं संबंध थोडा. रस्ता, शाळा, पट्टी यांचा निकाल ज्या गांवसभेंत ते स्वतः करीत ती सभा काढून घेतली, हें त्यांस झोंबलें होतें. लेक्झिंग्टनची चकमक यानंतर सात महिन्यांनीं झाली. पण त्या मुलुखांतून राजाचा अंमल उठला तो वुस्टरच्या दिवशीं.

वुस्टरच्या शेतकऱ्याचें मन लंडनमध्यें बसून ज्यास उमगलें असा पुरुष म्हणजे बर्क. १९ एप्रिल १७७४ चें करांवरील भाषण आणि २२ मार्च १७७५ चें समेटाचें भाषण हीं दोन्ही पार्लमेंटांत निष्फळ ठरलीं. दुसऱ्याच्या वेळीं त्याच्या बाजूनें ७८ मतें पडलीं व विरुद्ध २७०. तरी नॉर्थचें भाषण कोणी वाचीत नाहीं आणि बर्कचें वाचलें जातें, याचें कारण केवळ भाषेचें वैभव नव्हे. हक्क आहे कीं नाहीं हा वाद बर्क बाजूला सारतो, आणि समोरचा माणूस कसा आहे हें विचारतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्यप्रेमाचीं त्यानें सहा कारणें दिलीं आहेत: इंग्रज वंश, लोकसभांची संवय, उत्तरेकडील धर्मपंथ, दक्षिणेकडील रीतभात, कायद्याचें शिक्षण, आणि मधला तीन हजार मैलांचा समुद्र. ब्लॅकस्टोनचा कायद्यावरील ग्रंथ इंग्लंडांत खपतो जवळजवळ तितकाच अमेरिकेंत खपतो, असल्या बारीक गोष्टींवरून तो एका समाजाची मनोरचना उभी करतो. ही दृष्टि वकिलाची नव्हे, कादंबरीकाराची आहे. आणि बळानें राखूं गेलें असतां राखावयाची वस्तूच नासते, हा त्याचा सिद्धांत या दृष्टींतूनच निघाला आहे.

पण बर्कचा गौरव करतांना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पार्लमेंटास वसाहतींवर सर्व बाबतींत कायदे करण्याचा हक्क आहे असें जाहीर करणारा १७६६ चा कायदा त्याच्याच पक्षाचा, आणि या भाषणांत तो त्यानें टाकून दिलेला नाहीं. चाबूक खुंटीवर टांगून ठेवावा, वापरूं नये, एवढेंच त्याचें सांगणें. शिवाय दक्षिणेकडील रीतभात म्हणून ज्या गोष्टीचा तो उल्लेख करतो ती गुलामगिरी होय. ज्याच्या घरीं गुलाम असतात त्यास स्वतःच्या स्वातंत्र्याचा अभिमान अधिक, हें त्याचें निरीक्षण मर्मग्राही आहे. परंतु तें नोंदवून तो पुढें चालूं लागतो. गुलाम त्याच्या युक्तिवादांत पुरावा म्हणून येतो, फिर्यादी म्हणून येत नाहीं.

जॉन्सनचें चोपडेंही मार्च १७७५ मध्येंच निघालें. तें सरकारच्या सांगण्यावरून लिहिलें होतें, आणि छापतांना त्यांतील कांहीं मजकूर सरकारनेंच गाळला. १७६२ पासून जॉन्सनला सालिना ३०० पौंडांची नेमणूक होती. म्हणून भाडोत्री लेखणी असें म्हणून या पुस्तकाची बोळवण करणें सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. जॉन्सनचीं हीं मतें त्याच्या स्वभावांतलींच होतीं, आणि त्याचा युक्तिवादही पोकळ नाहीं. सार्वभौम सत्तेचें संरक्षण घ्यावयाचें आणि तिचा कर नाकारावयाचा हें जमत नाहीं. मताचा हक्क नसलेले लोक इंग्लंडांतही पुष्कळ आहेत, आणि तेही कर देतात. हीं विधानें कायद्याच्या दृष्टीनें सहज खोडून काढण्याजोगीं नाहींत. दोष दुसरीकडे आहे. ज्यांच्याविषयीं हें पुस्तक लिहिलें त्यांच्याकडे तोंड करून जॉन्सन बोलत नाहीं. त्यांच्या पाठीमागें तो लंडनकरांस हंसवितो. वसाहतीची सनद त्यास एखाद्या शहराच्या सनदेसारखी, वाटेल तेव्हां बदलतां येणारी वाटते. वुस्टरचे शेतकरी घरदार सोडून कोर्टापुढें कां जमले, हें या पुस्तकावरून कधींच कळणार नाहीं. राजनीतीवरील लिखाणास हा दोष प्राणघातक आहे.

असें असूनही याच चोपड्यांत एक प्रश्न आहे, आणि तो बर्कच्या दोन्ही भाषणांपेक्षां अधिक टिकला. गुलामांचे मालकच स्वातंत्र्याचे एवढे मोठे कैवारी कसे, अशा अर्थाचा तो प्रश्न. हा केवळ वादांतला टोला नव्हता. जमैकांत गुलामगिरींत जन्मलेल्या फ्रान्सिस बार्बर या आपल्या नोकरास जॉन्सननें मृत्युपत्रानें आपला मुख्य वारस केलें. प्रश्न विचारणाऱ्याचें वर्तन प्रश्नाशीं जुळतें होतें. मात्र तो प्रश्न त्यानें दंडाच्या कायद्यांच्या समर्थनार्थ वापरला, आणि येथें त्याचें चुकलें. शेजारी ढोंगी आहे एवढ्यावरून त्याच्या दारास कुलूप ठोकण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं. आपलींच जहाजें गुलामांच्या व्यापारांत पुढें असतां तर नाहींच नाहीं.

तिसरी लेखणी या भांडणाऱ्या घराच्या माजघरांतून येते. फिलिस व्हीटली ही १७६१ सालीं, सात-आठ वर्षांची असतां, आफ्रिकेंतून बॉस्टनला आणून विकलेली मुलगी. तिच्या कवितांचें पुस्तक १७७३ सालीं निघालें तें लंडनांत. कविता हिच्याच आहेत, अशी ग्वाही देणाऱ्या अठरा प्रतिष्ठित गृहस्थांचीं नांवें त्या पुस्तकास जोडावीं लागलीं, आणि त्यांत गव्हर्नर हचिन्सन आहे तसा जॉन हॅनकॉकही आहे. चहाच्या तंट्यांत समोरासमोर उभे ठाकलेले दोन पक्ष या एका कागदावर शेजारीं शेजारीं बसलेले दिसतात. त्या पुस्तकाच्या प्रती ज्या ‘डार्टमथ’ जहाजानें बॉस्टनला आल्या, त्याच जहाजावरचा चहा पुढें समुद्रांत गेला.

फेब्रुवारी १७७४ मध्यें, म्हणजे स्वतः मुक्त झाल्यावर थोड्याच दिवसांनीं, फिलिसनें सॅमसन ऑकम या तद्देशीय जमातींतील धर्मोपदेशकास एक पत्र लिहिलें, आणि मार्चमध्यें तें वर्तमानपत्रांत छापून आलें. लंडनमध्यें बंदराचा कायदा पुढें येत होता तो हाच महिना. स्वातंत्र्याची ओढ माणसास ईश्वरदत्त आहे असें ती मांडते, बायबलांतील इजिप्तच्या दास्याचा दाखला देते, आणि स्वातंत्र्याचा घोष करून दुसऱ्यांवर सत्ता गाजविणाऱ्यांच्या बोलण्याचालण्यांतील विरोधाकडे सौम्य उपरोधानें बोट दाखविते. मे महिन्यांत तेथील गुलामांनीं नवा गव्हर्नर गेज याजकडे अर्ज केला, त्याचाही आशय हाच होता. म्हणजे जॉन्सनचा प्रश्न जॉन्सनच्या वर्षभर आधीं बॉस्टनमध्येंच विचारला गेला होता. फरक हेतूचा आहे. जॉन्सनला त्या प्रश्नानें चळवळ खोटी पाडावयाची होती. फिलिसला ती पुरी व्हावी असें वाटत होतें. १७७५ सालीं तिनें वॉशिंग्टनवर कविता रचून त्याजकडे पाठविली, यावरून तिचा कल कोणीकडे होता हें उघड आहे.

या लेखण्या आपल्याकडे कशा आल्या हेंही पाहण्यासारखें आहे. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढ्यांनीं बर्क आपलाच मानून वाचला. जॉन्सनला मराठींत आणलें तें चिपळूणकर पितापुत्रांनीं. ‘रासेलस’चें भाषांतर कृष्णशास्त्र्यांनीं आरंभिलें व विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें, आणि १८७४ सालीं सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त जॉन्सनचें चरित्रही आलें. फिलिसचा प्रश्न मात्र निराळ्या वाटेनें आला. १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. आणि त्याच फुल्यांच्या लिखाणावर ‘निबंधमाले’नें कठोर प्रहार केले. जॉन्सनच्या चरित्रकारास जॉन्सनचाच प्रश्न आपल्या दारीं आलेला ओळखतां आला नाहीं, ही आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांतील टोंचणारी गोष्ट होय.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. राज्य करणाऱ्यास काय कळलें पाहिजे हें शिकण्यासाठीं बर्क वाचावा. बिनचूक युक्तिवादही सहानुभूतीवांचून कसा वांझ होतो हें पाहण्यासाठीं जॉन्सन वाचावा. परंतु परक्या दंडाविरुद्ध लढणाऱ्या समाजानें आपल्या घरांतल्या दंडाचें काय केलें, हें ज्यास विचारावयाचें असेल त्यानें फिलिसचें पत्र या दोहोंच्या आधीं वाचावें. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलणारा कायदा पार्लमेंटानें १७७८ सालीं रद्द केला. त्या वेळीं त्याचा उपयोग उरला नव्हता. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ पर्यंत टिकली. फिलिस १७८४ सालीं दारिद्र्यांत वारली. नव्या स्वतंत्र देशांत तिच्या दुसऱ्या काव्यसंग्रहास प्रकाशक मिळाला नाहीं.