हललेले छायाचित्र

‘फोटो हलला’ असे मराठीत म्हटले जाते. वास्तविक हललेला असतो तो कॅमेरा धरणारा हात किंवा कॅमेऱ्यासमोरचा माणूस. बोलीने मात्र दोष चित्राच्या माथी मारला आहे. लग्नाच्या अल्बममधून सर्वांत आधी बाद होतात ती अशीच चित्रे. या साध्या वाक्प्रयोगामागे एक सौंदर्यशास्त्रीय गृहीतक उभे आहे. छायाचित्राचे कार्य क्षण स्थिर करणे हे होय, आणि चित्रात जेथे काळ शिरला तेथे ते फसले, असे हे गृहीतक सांगते. छायाचित्रकलेचा इतिहास त्याला फारशी अनुकूल साक्ष देत नाही.

लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या ‘बुल्वार द्यु ताँप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. रस्ता वाहनांनी आणि पादचाऱ्यांनी गजबजलेला होता. चित्रात मात्र तो ओस पडलेला दिसतो. तारायंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल मोर्सने १८३९ मध्ये हे चित्र पाहिले आणि भावाला लिहिलेल्या पत्रात या रिकामपणाची नोंद केली. गर्दीतून उरला होता एकच माणूस. तो बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला होता. त्याचे पाय स्पष्ट उमटले, धड व डोके हलत राहिल्याने उमटले नाहीत, असे मोर्सचे निरीक्षण आहे. चालणारे येथे पुसट झालेले नाहीत, ते नाहीसेच झाले आहेत. पुसटपणा ही स्पष्टता आणि लोप यांच्या मधली अवस्था आहे, हे या पहिल्याच पाठात ध्यानात घेतले पाहिजे.

पुढील चाळीस वर्षांत तंत्राने हा लोप टाळण्याचा ध्यास घेतला. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार रंगवीत आले होते तसे पुढेमागे ताणलेले नसतात. विज्ञानाचा हा निकाल निर्विवाद होता. कलेच्या दरबारात मात्र त्यावर अपील झाले. शिल्पकार रोदँने पॉल ग्सेलशी केलेल्या आणि १९११ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संभाषणांत असा पक्ष मांडला की, खरे बोलतो तो कलावंत, असत्य बोलते ते छायाचित्र. कारण प्रत्यक्षात काळ थांबत नाही. जेरिकोच्या घोड्यांची शर्यत त्याला सत्य वाटते, कारण त्या आकृतींत एकापाठोपाठच्या अवस्था एकत्र आलेल्या आहेत.

रोदँचा आरोप तपासून पाहिला तर तो छायाचित्रणावर लागू होत नाही. तो फक्त जलद शटरवर लागू होतो. लेसिंगने १७६६ च्या ‘लाओकोऑन’मध्ये चित्रकलेला एका क्षणाच्या मर्यादेत ठेवले आणि तो क्षण मागचेपुढचे सुचविणारा असावा, अशी अट घातली. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटते तेव्हा लेसिंगचा तो एक क्षण अक्षरशः हाती येतो आणि नेमका तेव्हाच तो काही सुचवीनासा होतो. उडी मारणारा मुलगा हवेत टांगलेला दिसतो. क्रियापदाचे नाम होते. शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तर ‘धावला’ नव्हे, ‘धावत होता’ असे चित्र बोलू लागते. अपूर्ण काळाची ही सोय छायाचित्राला कोणा कलावंताने दिलेली नाही. ती त्याच्या यंत्रणेतच होती आणि दोष म्हणून बाजूला टाकली गेली होती.

इटलीत ब्रागालिया बंधूंनी रोदँचे संभाषण प्रसिद्ध झाले त्याच सुमारास या दोषालाच तत्त्व बनविले. टंकलेखिकेच्या बोटांचा धूसर पिसारा दाखविणारे त्यांचे छायाचित्र १९११ चे. गतीचे गोडवे गाणाऱ्या बोच्चोनीसारख्या भविष्यवादी चित्रकारांनीच १९१३ मध्ये त्यांच्याशी जाहीरपणे नाते तोडले, हा एक विनोदच. यंत्राने केलेली गती त्यांना कला वाटेना. याच काळात फ्रान्समध्ये कोवळ्या वयाच्या लार्तीगने मोटारशर्यतीचे छायाचित्र घेतले. त्याच्या कॅमेऱ्यातील फट चित्राच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकत जाई आणि तो स्वतः गाडीच्या रोखाने वळत होता; परिणामी मोटारीचे चाक पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. त्या वेळी फसलेले म्हणून बाजूला पडलेले हे चित्र पुढे वेगाचेच चिन्ह ठरले.

येथवर प्रश्न आकृतीचा होता. गती माणसांच्या गर्दीची असते तेव्हा तो अधिक अवघड होतो.

रघु राय यांचे १९९५ मधील चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. वर्तमानपत्रात डोके घातलेली मोजकी माणसे स्थिर आहेत आणि त्यांच्याभोवतीचे प्रवासी पाण्याच्या लोंढ्यासारखे वाहत आहेत. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने या चित्राची बांधणी उत्तम उलगडते: स्थिर व वाहते यांचा विरोध, आणि त्यातून साधलेला समतोल. लयतत्त्व आकृतीचा खुलासा करते; माणसांचा मात्र करीत नाही. ज्यांना बसायला जागा मिळाली त्यांना चेहरा मिळाला, ज्यांना गाडी पकडायची होती त्यांचा रंग तेवढा उरला. हा मुंबईचा अनुभव आहे, यात शंका नाही. लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याचा चेहरा कोण पाहतो? तरीही लोंढ्याची उपमा जितकी देखणी तितकी ती जपून घ्यावी लागते. लोंढ्याला घर नसते, पगार नसतो.

अलेक्सी तितारेन्को यांच्या ‘छायांचे नगर’ या मालिकेकडे (१९९२-९४) या शंकेसह पाहणे उद्बोधक ठरते. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत सेंट पीटर्सबर्गमधील वासिलिओस्त्रोव्स्काया मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवर त्यांनी शटर दीर्घकाळ उघडे ठेवले. चढणारी गर्दी धुराच्या ढगासारखी दिसते. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधील कारकुनाचे भूत ज्या शहरात हिंडले, त्याच शहराच्या या सावल्या आहेत. तथापि ढगाच्या कडेला कठड्यावर हात दिसतात. आधारासाठी घट्ट धरलेले हात तेवढा वेळ हलले नाहीत, म्हणून ते उमटले. चेहरे गेले आणि पकड राहिली. राय यांच्या चित्रात स्थिरता गर्दीबाहेरच्या माणसाकडे आहे. तितारेन्कोंच्या चित्रात ती गर्दीच्या आतून आली आहे. दोन्ही चित्रांत पुसटपणाचे तंत्र एकच असूनही दुसरे अधिक खोल जाते ते या कारणाने. गती दिसण्यासाठी चित्रात काहीतरी स्थिर असावेच लागते. ते स्थिर कोणाचे आहे, हे विचारल्याशिवाय अशा चित्राची समीक्षा पुरी होत नाही.

आता संगणकाच्या साहाय्याने स्पष्ट छायाचित्रावर नंतर पुसटपणा चढविता येतो. तो डोळ्याला हुबेहूब वाटतो. त्यात काळ मात्र गेलेला नसतो, आणि म्हणून कोणाचा हात किती वेळ कठड्यावर होता, हे त्यातून कळण्याचा मार्ग नाही. याउलट दागेरच्या त्या पत्र्यात अजूनही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. पॉलिश करून घेणारा माणूस इतिहासात छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून ओळखला जातो. त्याच्या पायाशी आणखी एक पुसट डाग आहे. तो पॉलिश करणाऱ्याचा; त्याचे हात चालू होते.