नीरेचा नकार

‘कुंकू’ या बोलपटाची गोष्ट निघाली कीं व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन, शांता आपटे यांचा करारी अभिनय आणि केशवराव दाते यांनीं उभे केलेले काकासाहेब यांची वाहवा होते व चर्चा तेथेंच संपते. ही वाहवा सर्वस्वीं योग्य आहे. परंतु १९३७ सालीं ‘प्रभात’नें काढलेल्या या चित्रपटानें एक बिकट प्रश्न विचारला आहे, आणि त्याचें उत्तर देतांना तो स्वतःच अडखळला आहे. समाज आणि परिस्थिति या दोहोंनीं मिळून जिला कोंडींत धरलें, त्या व्यक्तीनें केवळ ‘नाहीं’ म्हटल्यानें तिची सुटका होते काय? प्रस्तुत लेखांत या एकाच प्रश्नाच्या अनुरोधानें ‘कुंकू’चा विचार करावयाचा आहे.

कथानक बहुतेकांच्या परिचयाचें आहे. नीरा ही पोरकी मुलगी. जे नातेवाईक तिचे पालक, तेच तिला फसवून, वयांत आलेलीं मुलें असलेल्या एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधतात. मूळ कादंबरी नारायण हरि आपटे यांची, ‘न पटणारी गोष्ट’ या नांवाची. जरठ-कुमारी-विवाह हा विषय मराठीला मुळींच नवा नव्हता. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आली होती. पण शारदेचें लग्न मोडतें तें कशामुळें? कोदंड ऐन वेळीं आवाज उठवितो, भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र ठरतात, आणि पुढें शंकराचार्यांचा निर्णय तिच्या बाजूनें पडतो. शास्त्राच्या नांवावर चाललेला अन्याय शास्त्राच्याच एका कलमानें अडविला, इतकाच त्याचा अर्थ. शारदेच्या स्वतःच्या इच्छेला या साऱ्या व्यवहारांत वजन नाहीं. तिनें आपण होऊन केलेली मोठी कृति एकच, ती म्हणजे जीव देण्यासाठीं नदीवर जाणें.

हरिभाऊ आपट्यांची यमू शारदेच्या अगोदरची, तरी एका अर्थानें तिच्या पुढची आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. यमूजवळ स्वतःची भाषा आहे. आपली कहाणी ती आपणच सांगते. रघुनाथरावांच्या सहवासांत तिला अक्षरांची व विचारांची गोडी लागते, आणि आपणही कोणी तरी आहोंत ही जाणीव हळूहळू फुलते. परंतु पति गेल्यावर त्याच यमूचें बळजबरीनें केशवपन होतें, व तिला समजलेलें सारें तिच्या कांहींएक कामीं येत नाहीं. तिला कळतें सर्व. करतां येत नाहीं कांहींच. हरिभाऊंनीं ही विसंगति जराही सौम्य केली नाहीं, यांत त्यांचें थोरपण आहे.

येथें एका घटनेची आठवण करणें अवश्य आहे. ललितवाङ्मयांत स्त्री अशी हतबल दिसत असतां प्रत्यक्ष जीवनांत रखमाबाईंनीं ‘नाहीं’ हा शब्द उच्चारला होता. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीवर नांदावयास येण्यासाठीं पतीनें १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ मध्यें निकाल तिच्या बाजूनें लागला, पण अपिलांत तो टिकला नाहीं. १८८७ सालीं पतीकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला, तेव्हां तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि विलायतेस शिकून ती डॉक्टर झाली. म्हणजे शारदा रंगमंचावर येण्याच्या अकरा वर्षें आधींच हा लढा लढून संपला होता! वाङ्मय समाजाच्या पुढें चालतें असें आपण मोठ्या अभिमानानें म्हणतों. या एका बाबतींत तरी तें बरेंच मागें राहिलें.

तें अंतर ‘कुंकू’नें भरून काढलें. नीरा रडत बसत नाहीं, विहीर जवळ करीत नाहीं, कोणी कोदंड येईल म्हणून वाटही पाहत नाहीं. झालेलें लग्न आपल्याला लग्न वाटत नाहीं, एवढेंच ती म्हणते, आणि त्याप्रमाणें वागते. ज्या घरांत तिला कोंबण्यांत आलें त्याच घरांत राहून ती पत्नीपद नाकारते. हें पळून जाण्यापेक्षां कठीण आहे. पळून जाणाऱ्यास पुढें रस्ता तरी असतो. नीरेला रोज सकाळीं त्याच चार भिंतींत आपला नकार नव्यानें उभा करावा लागतो.

चित्रपटाची खरी उंची काकासाहेबांच्या चित्रणांत आहे. त्यांना खलपुरुष करणें सोपें होतें. केशवराव दात्यांनीं त्यांना माणूस केलें. रूढीनें पुरुषाला दिलेली सवलत त्यांनीं विचार न करतां घेतली. नीरेच्या नकारानें त्यांच्यासमोर आरसा धरला, तेव्हां त्यांना प्रथमच स्वतःचें वय दिसलें. दिवाणखान्यांतील जुनें घड्याळ या वयाचें प्रतीक म्हणून वापरलें आहे. पार्श्वसंगीताला संपूर्ण फांटा देऊन केवळ प्रसंगांतून निघणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवण्याचें धाडस दिग्दर्शकानें केलें, त्यामुळें त्या घड्याळाच्या ठोक्यांना संवादाचें मोल आलें. वाद्यमेळानें प्रेक्षकाला कोठें गहिंवरावें तें सुचविलें असतें. येथें तो निर्णय त्याचा त्यानें करावयाचा आहे. व्यक्तीच्या स्वातंत्र्याची कथा सांगतांना प्रेक्षकाचेंही स्वातंत्र्य राखलें, ही संगति लक्षांत घेण्याजोगी आहे. उलट, लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरेच्या तोंडीं घातली आहे ती आम्हांस उपरी वाटते. शांताबाई ती गातात धिटाईनें, पण त्या वेळेपुरती नीरा नाहींशी होऊन बोधवचन तेवढें शिल्लक राहतें.

आतां शेवटाकडे वळूं. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, आणि नीरेला मोकळी करण्यासाठीं ते आत्महत्या करतात. या शेवटावर घेण्यासारखा आक्षेप उघड आहे. जिनें सारा चित्रपटभर आपला हक्क मागितला, तिला अखेर मिळतें तें दान; आणि दाताही तोच, जिच्याविरुद्ध ती झगडली त्या सत्तेचा मालक. तिच्या निश्चयानें जें साधलें नाहीं, तें त्याच्या मरणानें साधावें काय?

आक्षेप खरा आहे, पण तो लेखकाइतकाच त्या काळाच्या कायद्यावरही पडतो. शास्त्रोक्त विधीनें लग्न झालेल्या हिंदु स्त्रीला १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत घटस्फोट मागण्याची सोय नव्हती; ती १९४७ च्या प्रांतिक कायद्यानें झाली, व १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें देशभर आली. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र १८५६ पासून कायद्याची मान्यता होती. म्हणजे नीरेपुढें एकच कायदेशीर दार होतें, आणि तें वैधव्याचें. वकील असलेल्या काकासाहेबांना हें न कळतें तरच नवल! त्यांचा मृत्यु भावनेच्या दृष्टीनें त्याग असेल; व्यवहाराच्या दृष्टीनें ती या कोंडींतील एकमेव पळवाट आहे. पत्नीचें स्वातंत्र्य पतीच्या प्रेतावरूनच जावें अशी ज्या व्यवस्थेची रचना, तिच्यावर याहून कठोर टीका कोणती? आमची तक्रार एवढीच, कीं चित्रपट ही टीका शब्दांत वा दृश्यांत उघड करीत नाहीं. तो आपल्याला काकासाहेबांसाठीं हळहळावयास लावतो, आणि त्या हळहळीच्या ओघांत व्यवस्था सहीसलामत सुटते.

दुसरी उणीव याहून खोल आहे. नीरेला काय नको तें आपल्याला पुरतें कळतें; तिला काय हवें आहे तें कळत नाहीं. ती कशांत रमली असती, कोणतें काम तिनें हातीं घेतलें असतें, याचा थांग लागत नाहीं. नकार हा व्यक्तित्वाचा उंबरठा आहे, घर नव्हे. मराठी पडद्याला तो उंबरठा ओलांडावयास बराच काळ लागला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनीं १९८२ सालीं काढलेल्या ‘उंबरठा’ची नायिका सुलभा हिला कोणी फसविलेलें नाहीं. घर सुखवस्तु आहे, पति समवयस्क आहे, मुलगी आहे. तरीही स्वतःचें काम हवें म्हणून ती महिला सुधारगृहाची नोकरी पत्करते, आणि परत आल्यावर पतीच्या आयुष्यांत दुसरी स्त्री आलेली पाहून पुन्हां घर सोडते. तिला कोणी मुक्त करीत नाहीं. जी किंमत पडते ती तिची तीच मोजते.

एवढ्यानें ‘कुंकू’चें मोल कमी होतें असें मात्र नव्हे. सुलभेला जी वाट चालतां आली, तिच्या आरंभीं नीरेचा तो एकाक्षरी निर्धार उभा आहे. त्याला कायद्याचा आधार नव्हता, माहेरची ओढ नव्हती, हातांत पैसा नव्हता. असे सर्व आधार काढून घेतल्यावर माणसाजवळ जें उरतें, त्यालाच व्यक्तित्व म्हणावयाचें असेल, तर तें मराठी चित्रपटांत इतक्या निखळ स्वरूपांत पुन्हां क्वचितच पाहावयास मिळालें आहे.