ग्रंथवेडा, किताबी कीडा आणि वारस

पुस्तकांवर जीव लावणाऱ्या माणसाला मराठीने बरीच नावे दिली आहेत : ग्रंथप्रेमी, ग्रंथवेडा, ग्रंथसंग्राहक, पुस्तकातला किडा. ‘ग्रंथ’ पुढे आला की माणूस मोठा होतो, ‘पोथी’ किंवा ‘पुस्तक’ आले की तोच लहान होतो. ग्रंथप्रेमीचा सत्कार होतो. ‘पोथीनिष्ठ’ आणि ‘पुस्तकी पंडित’ हे मात्र शेरे आहेत.

आपल्या घरच्या बोलीत त्याला ‘किताबी कीडा’ म्हणतात. ते लाडाने की वैतागाने, हे अम्मीच्या आवाजावरून ठरते. मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाची आणखी एक गंमत होते. घरी किताब म्हणजे पुस्तक, शाळेत किताब म्हणजे पदवी. पहिलवानाला मिळतो तो. दोन्ही शब्द मुळात अरबीच. एक ‘लिहिणे’ या अर्थाच्या क-त-ब धातूचा, दुसरा ‘संबोधणे’ या अर्थाच्या ख-त-ब धातूपासून आलेला ‘खिताब’. कागद, कलम, दौत, शाई, जिल्द, मसुदा असे लेखनाचे सारे सामान मराठीने अरबी-फारसीतून घेतले. मानाचा किताबही घेतला. वाचायची किताब मात्र उंबऱ्यापाशीच राहिली.

खरे तर ‘ग्रंथ’ आणि ‘किताब’ फार लांबचे नाहीत. ‘ग्रंथ’ हा बांधणे, गुंफणे या अर्थाच्या धातूपासून झाला. अरबी कोशकार क-त-बचाही मूळ अर्थ ‘जोडणे, शिवणे’ असा सांगतात. दोन्हीकडे पुस्तक म्हणजे सुटी पाने एकत्र बांधणे.

माझी तक्रार वेगळी आहे. प्रेमी, वेडा, कीडा हे सारे शब्द एकट्या माणसाचे आहेत. त्यांत दुसरा वाचक नाही. नवव्या शतकातला बसऱ्याचा लेखक अल्-जाहिज पुस्तकविक्रेत्यांची दुकाने भाड्याने घेऊन तिथे रात्रभर वाचत बसे, असे इब्न अल्-नदीमने दहाव्या शतकातील ‘फिहरिस्त’मध्ये नोंदवले आहे. पुस्तकांचा ढीग अंगावर कोसळून तो गेला, अशी आख्यायिकाही आहे. ती आपण कौतुकाने सांगतो. त्या ढिगाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

आपल्या घरांतला प्रश्न नेमका तोच आहे. आजोबांची पेटी माळ्यावर असते. नातवंडे मराठी शाळेत शिकलेली, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. मग दोनच गोष्टी होतात. अक्षरे अरबी वळणाची दिसली की सारे पाक समजून जुजदानात बांधून उंच ठेवायचे. मग आत गझला असोत, हकिमाचे नुस्खे असोत की शेताचा हिशेब. नाहीतर एक दिवस सगळे रद्दीवाल्याला द्यायचे. ‘रद्दी’ हा शब्दही अरबी ‘रद्द’पासूनच आला आहे. अदबीने बांधून ठेवलेले आणि रद्दीत घातलेले, दोन्ही न वाचलेलेच राहते.

यावर शब्दही आपल्याजवळच आहे : वक्फ. आज तो उच्चारला की जमिनी आणि वादच आठवतात. पण पूर्वी पुस्तकेही वक्फ होत. मालकी सोडायची आणि उपयोग लोकांचा ठेवायचा. पाटण्याच्या खुदाबख्श यांनी वडिलांकडून आलेली सुमारे 1400 हस्तलिखिते वाढवत नेली आणि 1891 मध्ये तो संग्रह लोकांसाठी खुला केला. त्याच दशकात 1893 मध्ये ठाण्यात आणि 1898 मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. ‘संग्रहा’ला ‘आलय’ जोडले गेले आणि दुसऱ्या वाचकाला दार उघडले.

ग्रंथवेडे आपल्यात कमी नाहीत. पण वेड वारशात देता येत नाही, पुस्तक देता येते. म्हणून माळ्यावरची पेटी एकदा खाली काढावी, ती लिपी जाणणाऱ्या एखाद्या बुजुर्गाला शेजारी बसवावे आणि काय काय आहे याची मराठीत यादी करावी. असे करणाऱ्या माणसाला अजून नाव नाही. शब्द नंतर सापडेल. वाचून दाखवणारे बुजुर्ग मात्र दरवर्षी कमी होत आहेत.