राजहंस न होणारी पिले

व्यंगचित्रपटांत, म्हणजे मुलांच्या भाषेत कार्टूनच्या सिनेमांत, वाळीत पडलेल्या जिवावर साऱ्या घराचा जीव जडतो. आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सारी त्याच्याच बाजूची! हा ओढा कशाने उत्पन्न होतो आणि चित्रपट संपल्यावर त्यातले मनात काय उरते, असे दोन प्रश्न येथे आहेत.

पहिल्याचे उत्तर डिस्नेच्या १९४१ सालच्या 'डंबो'त सापडते. सर्कशीतल्या हत्तिणीचे हे पिलू. कान भलतेच मोठे. त्या कानांत अडखळून ते पडते, तेव्हा आपण हसतो. त्याची टर उडवणाऱ्या पोरावर आई चवताळते, म्हणून तिला कोंडून घालतात. गजांतून सोंड बाहेर काढून ती पिलाला झुलवू लागते आणि मघाशी हसणारेच डोळे पुसू लागतात. चित्रपटभर डंबो एक शब्द बोलत नाही. ती मुकी जागा मग ज्याचा तो आपल्या आठवणीने भरतो. कारण कधी ना कधी वेगळा पडला नाही, असा माणूस विरळा.

पण डंबोचे दुःख सरते कसे? त्या कानांनी त्याला उडता येते, म्हणून! कान कामास आले, तेव्हा ते क्षम्य ठरले. हान्स अँडरसनची कुरूप पिलाची गोष्ट १८४३ सालची. डिस्नेने ती १९३१ व १९३९ अशी दोनदा पडद्यावर आणली. आपल्याकडे ती गदिमांच्या गीतातून, आशा भोसले यांच्या स्वरात घरोघर पोचली. गीत अवीट गोडीचे आहे, यात वाद नाही. परंतु टोचणारी बदके शेवटी शहाणी झाली काय? आणि पिलू राजहंस नसते, साधे बदकच असते, तर?

हा प्रश्न मास्तरला टाळता येत नाही. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावी वर्गात एखादा तोतरा असतो, एखादी पाय ओढत चालते, कुणाच्या तोंडून अहिराणी शब्द निसटला की बाके खिदळतात. यांतली बहुतेक मुले पुढे उडणार नाहीत की हंस होणार नाहीत. त्यांना कोणती गोष्ट सांगावी?

तशाही गोष्टी पडद्यावर आहेत. २००१ सालच्या 'श्रेक'मध्ये शाप सुटल्यावर राजकन्या सुंदर होण्याऐवजी श्रेकसारखीच राक्षसीण राहते, आणि त्याला ती सुंदरच दिसते. ह्यूगोच्या कादंबरीवरून १९९६ साली डिस्नेने काढलेल्या चित्रपटात कुबडा क्वासिमोडो शेवटी कुबडाच राहतो. प्रेमही दुसऱ्याच्या पदरी पडते. मात्र स्तब्ध गर्दीतून एक चिमुरडी पुढे येते, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवते, आणि मग गर्दी त्याला आपला म्हणते. येथे कुरूपाचे रूप पालटत नाही. पाहणाऱ्यांची नजर पालटते. माझ्या मते या जातीच्या चित्रपटांची खरी कसोटी हीच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसह असा एखादा चित्रपट पाहाल, तेव्हा त्यांना एवढेच विचारावे: शेवटी बदलले कोण? 'पिलू' असे उत्तर आले, तर गोष्ट नुसती गोड होती. 'बाकीचे' असे आले, तर शाळा उघडल्यावर शेवटच्या बाकावर कुणाशेजारी बसायचे, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.